चौक, तारपा आणि १९४५ : वारली पाड्यावरच्या शाळेसाठी सहा आठवड्यांचा पाठ

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागातल्या शाळेत शिरलं की व्हरांड्याच्या भिंतीवर वारली चित्र बहुतेक दिसतंच. तारप्याभोवतीचा (भोपळ्याच्या फुंकवाद्याभोवतीचा) फेर, ताडाचं झाड, बैलगाडी, सगळं ऑइलपेंटमध्ये. त्याच भिंतीच्या आत बसलेलं वारली मूल मात्र घरच्या बोलीत उत्तर आलं म्हणून गप्प होतं, आणि आपल्या पणजोबांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध केलेला लढा त्याला ठाऊकच नसतो. हा पाठ ती भिंत आणि ते मूल यांच्यात पडलेलं अंतर मिटवण्यासाठी आहे. चित्र, भाषा आणि लढ्याचा इतिहास हे तिन्ही एकत्र शिकवायचे, आणि शिकवताना पाड्यावरच्या जाणत्या माणसांना खरे शिक्षक मानायचं, एवढीच त्यामागची भूमिका.

पाठ पाचवी ते सातवीसाठी आहे. आठवड्याला चार तासिका धरल्या तर सहा आठवड्यांत २४ होतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. इतिहास, भाषा, गणित, कला आणि कार्यानुभव यांच्या तासिकांमध्ये तो बसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये (कलम २९) शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर हे दोन आधार पुरेसे आहेत.

कधी सुरू करायचा

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती. या दोन दिवशी फलक रंगतात, भाषणं होतात आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. पाठाची वेळ सरकारी दिनदर्शिकेवरून न ठरवता भाताच्या पिकावरून ठरवा. दिवाळीच्या सहा आठवडे आधी सुरू करा आणि वाघबारशीच्या (दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघदेवाच्या सणाच्या) सुमारास संपवा.

याला कारणं आहेत. आवणी (भाताची लावणी) संपलेली असते, त्यामुळे मोठी माणसं थोडी मोकळी असतात. तारपा भात पिकल्यावर वाजतो, जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या कार्यक्रमाला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाळी झाली की बरीच कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर स्थलांतर करतात. डिसेंबरात पाठ घेतला तर ज्या घरांकडून सर्वात जास्त शिकायला मिळालं असतं त्यांचीच मुलं वर्गात नसतात.

एक अडचण मात्र येते. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची कापणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, आणि एकदा कोयता हातात आला की शाळेत यायला कुणाला सवड नसते. म्हणून गावातल्या माणसांच्या सगळ्या भेटी पहिल्या तीन आठवड्यांत उरका. पुढचे तीन आठवडे वर्गातल्या कामाचे.

आधी कुणाला विचारायचं

पहिली भेट शाळेत ठेवू नका, पाड्यावर जा. संध्याकाळी, जेवणाच्या आधी. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला सोबत घ्या. ‘आम्ही एक प्रकल्प करतोय’ असं न म्हणता काय हवं ते सरळ सांगा: मुलांना चौकाबद्दल (लग्नात घरातल्या भिंतीवर येणाऱ्या विधीच्या चित्राबद्दल), तारप्याबद्दल, जुन्या वेठीच्या दिवसांबद्दल ऐकायचं आहे, कोण सांगू शकेल, आणि काय सांगितलेलं चालणार नाही? हा दुसरा प्रश्न विसरू नका. भगताचे मंत्र, काही देवांची नावं, काही विधी हे उघड्यावर बोलायचे नसतात. कुणी ‘ते नको’ म्हटलं की वही मिटायची. कारण विचारायचं नाही, दुसऱ्या घरी जाऊन तेच विचारायचं नाही.

शाळेत येणाऱ्या आजी-आजोबांना त्या दिवसाची मजुरी द्या. रोजगार हमीचा त्या वर्षीचा जो दर असेल त्याहून कमी देऊ नका. समितीच्या बैठकीत आधी ठराव करून घ्या, म्हणजे हिशेबाला अडचण येत नाही. शाल-नारळ देऊन फोटो काढणं म्हणजे मोबदला नव्हे. तज्ज्ञ म्हणून तालुक्याहून आलेल्या माणसाला मानधन मिळतं आणि आजीला चहा, हा फरक मुलांच्या नजरेतून सुटत नाही. बसायलाही तसंच. आजी जमिनीवर बसली तर गुरुजींनीही जमिनीवर बसावं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरू करण्याआधी विचारा आणि निघण्याआधी त्यांना ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकल्यावर ‘हे एवढं काढून टाक’ असं कुणी सांगितलं तर तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर काढून टाका.

मुलांना नुसतं ‘घरी जाऊन आजीला विचारून या’ असा गृहपाठ देऊ नका. काहींच्या घरी आजी नसते, काहींचे आईवडील आधीच भट्टीवर गेलेले असतात. ती मुलं कोरी वही घेऊन येतात आणि मागे बसतात. तीन-तीन मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक घर द्या. प्रश्न नेमके असले की उत्तरं येतात. ‘तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा’ या प्रश्नाला आजी हसून गप्प बसेल. त्याऐवजी असं विचारा:

आजी, तू पहिल्यांदा कुणाच्या लग्नात चौक लिहिलास? शेजारी कोण बसलं होतं?
तुझ्या आईला कुणाच्या शेतावर फुकट राबावं लागायचं? किती दिवस?
तू लहान होतीस तेव्हा या वाटेवर काय होतं, जे आता नाही?
भात संपलं की काय खायचात? कुठून आणायचात?

पहिला आठवडा : घरचा शब्द

वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. देवनागरीत लिहिली की काम होतं. वर्गाच्या एका भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची पाठची बाजू जोडून चार फूट रुंद कागद लावा. मधोमध उभी रेघ. डावीकडे मथळा ‘घरचा शब्द’, उजवीकडे ‘पुस्तकातला शब्द’. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे मथळे चुकूनही लिहू नका. एका शब्दाने पाठाचा सगळा पाया उखडतो.

रोज दहा शब्द पुरेत. पहिल्या दिवशी नाती, दुसऱ्या दिवशी शरीर, मग भाताची कामं, भांडी, पाऊस, रानभाज्या. भाज्या, मासे, खेकडे आणि झाडं यांच्यावर आलं की उजवी बाजू रिकामी पडायला लागते, कारण पुस्तकी मराठीत तितके शब्दच नाहीत. ती जागा रिकामीच ठेवा. आपल्या घरच्या भाषेत पुस्तकापेक्षा जास्त शब्द आहेत हे मुलाला आयुष्यात पहिल्यांदा त्या रिकाम्या रकान्यात दिसतं. त्या दिवशी सहसा न बोलणारं मूलही हात वर करतं. दोन पाड्यांचे शब्द वेगळे निघाले तर दोन्ही लिहा आणि खाली पाड्याचं नाव टाका. बरोबर कोणता, हे ठरवत बसू नका.

पाड्यावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. वारली बोलीत मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात. ‘गुरुजी, तू जेवलास का?’ हा उद्धटपणा नाही, आपुलकी आहे. आणि ‘डोकरा’, ‘डोकरी’ हे म्हाताऱ्या माणसांसाठीचे साधे शब्द आहेत. पुस्तकी मराठीतला तुच्छतेचा वास त्यांना नाही. ‘आजीला डोकरी म्हणतोस?’ असं एकदा दरडावलं की ते मूल त्यानंतर घरातलं काहीही वर्गात आणत नाही. मुलांना ‘तुम्ही’ जरूर शिकवा, पण पुढे उपयोगी पडणारी बाजाराची नि कचेरीची रीत म्हणून, ‘तू’ची चूक सुधारणं म्हणून नको.

दुसरा आणि तिसरा आठवडा : कुडाची पाटी आणि चित्र

चित्राकडे वळण्याआधी एक भेद मुलांना आणि स्वतःलाही नीट समजायला हवा. लग्नात घरातल्या भिंतीवर जो चौक येतो तो सजावट नसतो. सवाशिणी तो लिहितात (वारली माणूस चौक ‘काढतो’ म्हणत नाही, ‘लिहितो’ म्हणतो), धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, मध्ये पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. त्याच्या कडेच्या नक्षीलाही अर्थ आणि क्रम आहे. कागदावर, कापडावर, पुरुषांनी काढलेली, विकायला बनवलेली वारली चित्रं ही पुढची, १९७० नंतरची गोष्ट. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्या काळात डहाणू भागात कागद-रंग नेले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगापुढे आली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे ‘हजारो वर्षांची कला’ असं एका दमात सांगून मोकळं होऊ नका. एकाच परंपरेत बायकांचा विधी आहे आणि पन्नासएक वर्षांपूर्वी सुरू झालेली चित्रकारीही आहे, हे सांगा. मुलांना ते सहज समजतं.

म्हणून वर्गात देवचौक काढायचा नाही. पालघट देवी तर नाहीच. गावातल्या बायका स्वतःहून ‘आम्ही येऊन लिहून दाखवतो’ म्हणाल्या तर त्यांच्या अटींवर, नाहीतर नाही. मुलांनी काढायचं ते रोजच्या जगण्यातलं चित्र.

शाळेच्या सिमेंटच्या भिंतीवर शेणामातीचा हात धरत नाही. खाली ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर असेल तर आठवड्यात पोपडे निघतात. त्यापेक्षा तीन फूट बाय दोन फुटांची कुडाची (काड्यांवर माती लिंपलेली) पाटी बनवा. चार-पाच मुलांच्या गटाला एक.

कारवीच्या दोन फूट लांबीच्या २५ ते ३० काड्या लागतात. ताज्या तोडू नका, पडक्या घराच्या कुडातल्या जुन्या चालतात आणि त्या वाकतही नाहीत. काड्या उभ्या मांडा. दोन काड्यांमध्ये अर्ध्या बोटाची फट ठेवा, कारण माती त्या फटीत शिरूनच धरते. काड्या अगदी चिकटवून बांधल्या तर लिंपण एका थराने सुटून येतं. वर, मध्ये आणि खाली बांबूच्या आडव्या कामट्या पुढून-मागून लावून काथ्याने आवळा.

लिंपणासाठी पाच लिटरची एक बादली चाळलेली लाल माती, अर्धी बादली ताजं शेण, पाव बादली भाताचा तूस. पाणी घालून तुडवा आणि रात्रभर भिजत ठेवा. सकाळी गोळा मुठीत दाबला तर बोटांतून पाणी न गळता आकार धरला पाहिजे. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी थर द्या. बहुतेक पाट्या इथेच बिघडतात: मुलं जाड थर देतात, लवकर वाळावी म्हणून उन्हात ठेवतात आणि दुपारपर्यंत आरपार भेगा पडतात. सावलीत दोन दिवस वाळवा. बारीक भेगा राहिल्याच तर शेणाचं पातळ पाणी बोटाने त्यात भरा. वरून शेण आणि पाव किलो गेरू यांचा पातळ हात द्या आणि पुन्हा एक दिवस सावलीत ठेवा. हे सगळं एखाद्या आईने किंवा आजीने दाखवलं तर वर लिहिलेली मापं बाजूला ठेवा आणि तिच्या हाताचं ऐका. माती दर गावात वेगळी असते. तिला ती माहीत असते.

रंग तांदळाचा. एका पाटीला १०० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मुठी, तांदूळ रात्री भिजवा. सकाळी पाट्यावर गंधासारखे वाटा, सुमारे दीडशे मिली पाणी घालून फडक्यातून गाळा. पाटी तिरपी धरून एक थेंब टाका. थेंब ओघळला तर रंग पातळ आहे, जागेवर गोळा होऊन राहिला तर दाट. हळूहळू, एखादं बोट सरकून थांबला तर नेमका. काडी बांबूची, टोक दगडाने ठेचून तंतू मोकळे केलेली. प्रत्येकाला दोन, एक बारीक रेषेला आणि एक अंग भरायला.

आता ज्या चुकीने चित्रं वाया जातात ती. तांदळाचा रंग ओला असताना जवळजवळ दिसत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी वाळल्यावर पांढरा होतो. मुलांना वाटतं रेघ उमटलीच नाही, म्हणून ती तिच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवतात. वाळल्यावर तो जाड थर टवका होऊन उडतो. सुरुवातीलाच पाटीच्या कोपऱ्यात एक रेघ मारून सगळ्यांना ती वाळेपर्यंत बघत बसायला सांगा. पंधरा मिनिटं जातात, पण वाया जात नाहीत. रंग उरला तर टाकून द्या, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. डिंक कापडावरच्या चित्राला लागतो, कुडाच्या पाटीला नको. बाजारचा पांढरा पोस्टर रंग शेणाच्या हातावर पापुद्र्यासारखा सुटतो.

माणूस कंबरेपासून सुरू करा. दोन त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात ती कंबर. वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो, कलतो, उडी मारतो. हालचाल सगळी तिथून येते. ताठ उभ्या दहा माणसांपेक्षा वाकून आवणी करणारी दोन चांगली. विषय एकच द्या: ‘या आठवड्यात तू स्वतः पाहिलेलं’. मग खेकडे पकडणारी पोरं येतात, रेशनच्या दुकानापुढची रांग येते, १०८ ची गाडी येते, भट्टीवर निघालेला ट्रकही येतो. मोबाइलवरून नक्षी उतरवू देऊ नका. टॉवर किंवा ट्रक हा ‘वारलीत बसत नाही’ असं म्हणणाऱ्या शिक्षकांनी आजच्या वारली चित्रकारांची चित्रं पाहावीत. त्यांत रेल्वे आहे, बस आहे, शहरही आहे.

तारपा

याला एक तासिका, जमलं तर दोन. वाजवणारा असेल तरच. वाळलेला दुधी भोपळा, दोन बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बंद करायला मेण, एवढे भाग मुलांना जवळून बघू द्या, पण वाजवू देण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा. तो श्वास न तोडता कसा फुंकतो, गाल कसे फुगलेले राहतात, हे पाहायला सांगा. फेर त्याच्याभोवती फिरतो आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. ध्वनिफितीवर नाच बसवला तर हे सगळंच हरवतं, कारण फेराची गती तारपेकरी ठरवत असतो. वाजवणारा मिळाला नाही तर हा भाग सोडा.

चौथा आणि पाचवा आठवडा : वेठ आणि लढा

शिक्षक बहुतेक वेळा हा भाग टाळतात. चित्र आणि नाच सुखाचे असतात, वेठबिगार त्रासाची. पण तो टाळून शिकवलेली वारली संस्कृती अर्धी आहे. हे लोक फक्त नाचले नाहीत, ते लढलेही, आणि जिंकले.

आधी शब्द. वेठ म्हणजे जमीनदारासाठी, जंगल ठेकेदारासाठी मोबदल्याशिवाय राबणं. खंड म्हणजे जमिनीचं भाडं, ते धान्यात द्यायचं. खावटी म्हणजे पावसाळ्यात पोट भरायला काढलेलं धान्याचं कर्ज. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला आणि ते फिटेपर्यंत बायकोसह त्याच्याकडे राबणारा माणूस. कित्येकांचं ते आयुष्यभर फिटलं नाही.

का फिटलं नाही, हे गणिताच्या तासाला समजतं. समजा, एक मण खावटी घेतली आणि ती दरसाल दीडपट होते. काहीच फेडता आलं नाही तर पहिल्या वर्षी दीड मण, दुसऱ्या वर्षी सव्वादोन, तिसऱ्या वर्षी तीन मण पंधरा शेर (चाळीस शेरांचा मण), पाचव्या वर्षी साडेसात मणांच्या वर. मुलांना फळ्यावर भाताच्या गोणींची चित्रं काढून मोजू द्या. ‘मग ते पळून का गेले नाहीत?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर त्या गोणींत आहे, आणि त्या काळी जमीन, जंगल, दुकान आणि चौकीपर्यंतचा वशिला एकाच हातात असण्यात आहे.

मग घटना. ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे वारल्यांच्या वतीने माह्या धांगडा बोलले. २३ मे १९४५ ला झरी इथे (आज तलासरी तालुक्यात, तेव्हा उंबरगाव तालुका) हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. लग्नगडी मोकळे होऊ लागले. त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीवरून संप झाला, आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. १० ऑक्टोबर बहुतेक वर्षी याच सहा आठवड्यांत येतो. तासिका त्या तारखेच्या आसपास ठेवा.

सांगताना क्रम महत्त्वाचा. ‘बाहेरून थोर नेते आले आणि त्यांनी आदिवासींना जागं केलं’ अशी सुरुवात झाली की मुलं पुन्हा प्रेक्षक होतात. आधी माह्या धांगडा, आधी जेठ्या गांगड, मग सोबतीला आलेले. परुळेकरांचं काम त्याने लहान होत नाही. गोदावरीबाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणींमुळेच आज इतका तपशील हाती आहे.

या आठवड्यात नाटुकली बसवू नका. एका मुलाला सावकार आणि दुसऱ्याला लग्नगडी केलं की सुटीत तोच खेळ पुढे चालतो आणि ज्याला राबणारा केला त्याचं ते नाव पडतं. वर्गात जुन्या जमीनदार घरातलं मूल असेल तर आडनावांवर बोट ठेवायचं नाही. पद्धत कशी चालायची ते शिकवा.

त्यानंतर दोरी. २५ फूट सुतळी व्हरांड्यात ताणून बांधा. एक फूट म्हणजे पाच वर्षं, एक वर्ष म्हणजे साधारण सहा सेंटीमीटर. सुरुवात १९००, शेवट २०२५. कपड्यांच्या चिमट्यांनी तीन रंगांचे कागद लावायचे: पांढरा स्वतः पाहिलेल्याचा, पिवळा आईवडिलांकडून ऐकलेल्याचा, निळा कागदपत्रातून मिळालेल्याचा. १९४५ मध्ये दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज नव्वदीत आहे, म्हणून त्या काळाजवळ पिवळे कागदच जास्त लागतात. मुलांना ते नजरेनेच कळतं, आणि साक्ष कुठून आली हे विचारायची सवय लागते.

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. ‘तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? थोरला पोरगा झाला होता का? गुजरात वेगळा झाला होता का?’ असं विचारत जा. १९६० ची राज्यविभागणी, १९७२ चा दुष्काळ, १ ऑगस्ट २०१४ ला झालेला पालघर जिल्हा, हे खुंटे आधी दोरीवर लावून ठेवा. निळ्या कागदांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर सर्वांत जवळचं: पहिलं पान, पहिल्या वर्षीची पटसंख्या, पहिली मुलगी कधी दाखल झाली. मुलांना आपल्या आजोबांचं नाव त्यात सापडतं, आणि बऱ्याचदा त्यापुढे ‘शाळा सोडली’ हा शेराही. ‘का सोडली?’ हा प्रश्न मग पुन्हा पाड्यावर जातो. ब्रिटिश काळातलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर शिक्षकांनी वाचावं, मुलांच्या हाती कच्चं देऊ नये. साहेबाने वारल्यांबद्दल लिहिलेली वाक्यं समोर बसलेल्या मुलाला लागतात.

दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही कागद एकाखाली एक लावा. आठवी असेल तर दोरीवर आणखी चार निळे कागद चढवता येतात, त्यासाठी ती मागे १८४० पर्यंत बारा फूट वाढवा: २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे, ११ एप्रिल १८५८ ची सातपुड्यातली आंबापाणीची भिल्लांची लढाई, त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्यात (आजचं चंद्रपूर) फाशी दिलेले बाबूराव शेडमाके, आणि २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात मारले गेलेले नाग्या कातकरी.

हे शेवटचं नाव मुद्दाम सगळ्याच वर्गांत घ्या. पाड्यावरच्या शाळेत वारल्यांबरोबर कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी मुलंही असतात, आणि ‘आदिवासी’ म्हटलं की सगळं वारलीच होऊन बसतं. कातकरी मूल त्यात दोनदा मागे पडतं. खैरापासून कात काढणारे म्हणून पडलेलं नाव, नदीतले मासे आणि रानातले कंद यांचं त्यांचं ज्ञान, चिरनेरचा हुतात्मा, हे त्या मुलाला वर्गासमोर मिळू द्या.

शहरातल्या शाळांसाठी

मुंबई-पुण्यातल्या वर्गाला सहा आठवडे मिळणार नाहीत. तीन तासिका असतील तर पणत्या रंगवण्यात त्या घालवू नका. पहिली तासिका चौक आणि चित्र यांतल्या फरकाला, दुसरी १९४५ ला, तिसरी आजच्या पालघरला: तिथली वारली माणसं नर्स आहेत, शिक्षक आहेत, रिक्षा चालवतात, शेती करतात, आणि घरी वारली बोलतात. वर्तमानकाळात बोला. ‘वारली लोक निसर्गाची पूजा करत असत’ या वाक्यातला ‘असत’ खोडा. स्नेहसंमेलनात अंगाला काळं फासून, पानं गुंडाळून ‘आदिवासी नृत्य’ बसवू नका. प्रेक्षकांत किंवा शेजारच्या वर्गात आदिवासी मूल बसलेलं असू शकतं. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पाहण्यासारखं आहे. नेण्याआधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्या.

सहावा आठवडा : तपासणी आणि परतफेड

चित्राच्या सुबकतेला गुण देऊ नका. तीन गोष्टी तपासा. मुलाला सांगता येतं का की ही गोष्ट कुणी सांगितली आणि त्या व्यक्तीने ती पाहिली होती की ऐकली होती? आपल्या चित्रातल्या प्रत्येक माणसाचं काम त्याला सांगता येतं का? वेठ का सुटत नव्हती हे तो गोणींच्या हिशेबासह समजावू शकतो का? उत्तर घरच्या बोलीत दिलं तरी पूर्ण गुण.

शेवटच्या दिवशी मुलांनी सगळं पाड्यावर घेऊन जायचं. अंगणात दोरी बांधायची, पाट्या टेकवून ठेवायच्या आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाच वाचून दाखवायचं. चुका तिथेच कळतात. ‘विहीर त्या साली नाही, त्याच्या आधी खणली’ असं कुणीतरी म्हणतं आणि मूल उठून कागद दोन फूट मागे सरकवतं. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर भरून ज्या घरचं त्या घरी द्या, एक प्रत शाळेच्या कपाटात, इंटरनेटवर काहीही नाही. शब्दांच्या कागदाची वही शिवून वर्गात टांगा. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर कोळीभाजी निघाली की उजवीकडचे रिकामे रकाने तिथून पुढे चालू करता येतात.